जाड तळाची बादली

सदर कर्मचारी, वय वर्षे एकोणसाठ, उंची मध्यम, बांधा किरकोळ, पद : यंत्रचालक (नष्टीकरण), हा कारखान्यातील सदोष, नाकारलेला व परत आलेला सर्व प्लॅस्टिक माल कायमस्वरूपी नष्ट करण्यास अधिकृत असलेली एकमेव व्यक्ती असून, त्याच्या स्वाक्षरीवाचून कोणतीही वस्तू नष्ट झाल्याचे मानण्यात येणार नाही. ओळखीची खूण : उजव्या हाताचे मधले बोट एका पेराने आखूड. अपत्ये : दोन, पैकी हयात एक. वर्तणूक : समाधानकारक. विशेष शेरा : काही नाही.

हे सेवापुस्तक ऑफिसच्या कपाटात असतं, आणि सदर कर्मचारी कपाटापासून चाळीस पावलांवर, पत्र्याच्या शेडमध्ये, कानांत कापसाचे बोळे घालून उभा असतो. त्याच्या यंत्राला कारखान्यात चक्की म्हणतात, म्हणून त्याला सगळे चक्कीवाले म्हणतात. शेजारी नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाने हे नाव ऐकून एकदा दळणाचा डबा पाठवला होता. चक्कीवाल्यांनी तो दोन गल्ल्या पलीकडच्या गिरणीतून दळून आणून दिला आणि खुलासा केला नाही. खुलासा करणं हा त्यांचा स्वभावच नव्हे.

चक्कीचं काम सोपं आहे. वरच्या तोंडातून फुटका मग, वाकडं झाकण किंवा कान तुटलेली बादली टाकायची. आत पोलादी पाती फिरतात. खाली नखाएवढ्या तुकड्यांचा चुरा पडतो. एवढं झालं की चक्कीवाले कागदावर ‘कायमस्वरूपी नष्ट करण्यात आले’ असं लिहितात आणि सही करतात. मग दोन माणसं चुऱ्याचं पोतं उचलून पलीकडच्या शेडमध्ये नेतात, त्यात काळा रंग मिसळतात आणि तोच चुरा वितळवून टब, बादल्या, कुंड्या ओततात. काळाच का, तर काळ्यात सगळं खपून जातं. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. सही तरीही लागते.

छत्तीस वर्षं बादल्यांच्या कारखान्यात काढलेल्या या माणसाच्या घरात एकही बादली नाही. अंघोळ नळाखाली होते. साठवणीचं पाणी स्टीलच्या डब्यांत, आणि प्रत्येक डब्याला झाकण. धाकट्या मुलीने सात वर्षांची असताना विचारलं होतं, सगळ्यांकडे बादली असते, आपल्याकडे का नाही? आई म्हणाली, जागा नाही. मोरीत तेव्हा तीन बादल्या आणि एक माणूस आरामात मावले असते. मुलीने मोरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं नाही. मुलं अशा वेळी मोठ्यांपेक्षा जास्त समजूतदार असतात, म्हणून त्यांना काही सांगावं लागत नाही आणि म्हणूनच ती कायमची अर्धवट माहितीवर वाढतात.

एकतीस वर्षांपूर्वी चक्कीवाले चक्कीवर नव्हते. ते ओतकामाच्या यंत्रावर होते, आणि त्यांचा हात चांगला होता. एक रंग संपवून दुसरा चढवताना यंत्राच्या पोटात आधीचा रंग थोडा उरतो, त्यामुळे मधल्या वीस-पंचवीस बादल्या धड इकडच्या ना तिकडच्या अशा निघतात. या दुरंगी बादल्या विकायच्या नसत. ज्याला हवी त्याने घरी न्यावी, अशी वहिवाट होती. त्या दिवशी निळ्यावरून हिरव्यावर जायचं होतं. सहा-सात बादल्या निघाल्यावर चक्कीवाल्यांनी यंत्र थांबवलं, साच्याच्या तळाशी असलेली पातळ चकती काढून घेतली, आणि फक्त एक बादली ओतून ती पुन्हा बसवली. चकती काढली की तळ दीडपट जाड होतो. हे नियमात बसत नव्हतं. पण घरी थोरली नुकती उभी राहायला लागली होती. हाताला लागेल ते धरून ती उभी राहायची आणि मग ते अंगावर घ्यायची. घरातली जुनी बादली तिने दोनदा पालथी घातली होती, दोन्ही वेळा भरलेली.

नवी बादली देखणी होती. सगळी हिरवी, आणि काठापासून तळापर्यंत एक निळा ओघळ, मध्येच डावीकडे वळलेला, जणू त्याला काहीतरी आठवलं आणि तो परत फिरला. चक्कीवाल्यांनी ती मोरीत ठेवून तिला पायाने ढकलून दाखवलं. बायकोला म्हणाले, ही काही केल्या आडवी व्हायची नाही. बायको हसली. फुकटच्या वस्तूचं एवढं कौतुक तिने तरी पाहिलं नव्हतं.

तो बुधवार होता. पुढच्या सोमवारी सकाळी बादलीत वीतभर पाणी होतं. बायको दाराशी कुणाशी तरी बोलत होती. किती वेळ, हे तिने नंतर कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. थोरली काठ धरून उभी राहिली आणि आत वाकली. जुनी बादली असती तर पालथी पडली असती, पाणी सांडलं असतं, पोरगी भिजून रडली असती. ही बादली काही केल्या आडवी झाली नाही.

थोरली चौदा महिन्यांची होती. अजूनही आहे. धाकटी आज एकोणतीस वर्षांची आहे, तिला स्वतःची मुलगी आहे, तरी घरात ती धाकटीच.

बादली घरातून नेण्याचं काम मेहुण्याने अंगावर घेतलं. संध्याकाळी येऊन म्हणाला, भाऊजी, विल्हेवाट लावली, नदीत सोडली. चक्कीवाल्यांनी मान हलवली. महिनाभराने त्यांनी अर्ज करून चक्कीवर बदली मागून घेतली. ओतकामाच्या माणसाने चक्की मागणं म्हणजे आचाऱ्याने भांडी घासायला मागण्यासारखं होतं. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, मोडायचं काम बरं वाटतं. साहेबांना परिस्थिती माहीत होती. त्यांनी सही केली.

तिसऱ्या वर्षी बादली दिसली. रंगारी एका दुकानाची भिंत रंगवत होता, शिडीच्या पायाशी ती उभी होती, चुन्याने माखलेली, पण ओघळ तोच आणि वळणही तेच. चक्कीवाले रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले. रंगाऱ्याने तिच्यात ब्रश बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. तासाभराने तो शिडी खांद्यावर आणि बादली हातात घेऊन निघून गेला. चक्कीवाले रस्ता ओलांडून गेले नाहीत. बादलीत वीतभर चुन्याचं पाणी होतं.

मेहुण्याला विचारलं तेव्हा तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत म्हणाला, “चांगली होती हो भाऊजी. टाकवेना.”

त्यानंतर लोक चेहऱ्यांवरून माणसं ओळखतात तसे चक्कीवाले बादल्या ओळखू लागले. दवाखान्यात गेले तर फरशी पुसणाऱ्याची बादली आधी बघणार. लग्नाला गेले तर मांडवामागे भांडी घासणाऱ्यांकडे एक चक्कर. भावकीत त्यांची थट्टा व्हायची की यांना कारखाना सुट्टीच्या दिवशीही सुटत नाही. नवव्या वर्षी ती बांधकामावर दिसली, वाळूच्या ढिगाशी. सोळाव्या वर्षी भाजीबाजारात, पालेभाजीवर शिंपडायचं पाणी भरून. तिची मूळची तारेची कडी गेली होती आणि सुतळी आली होती, सुतळी जाऊन वायर आली होती. तिला तडा गेला नव्हता. तिच्या बरोबरीने ओतलेल्या सगळ्या बादल्या केव्हाच चक्कीच्या तोंडातून जाऊन काळ्या झाल्या होत्या, आणि त्यांतल्या काही काळ्या होऊन दुसऱ्यांदा आल्या होत्या. हीच तेवढी आली नाही. जाड तळाची वस्तू टिकते. हे त्यांना शिकवायची गरज नव्हती.

एकदा कारखान्यात एक बाई व्याख्यान द्यायला आल्या. कारखान्याने पर्यावरणाबद्दल काहीतरी वचन दिलं होतं आणि त्यात व्याख्यानाचा समावेश होता. बाईंनी तक्ता लावला : नाहीसं व्हायला पिशवीला इतकी वर्षं, बाटलीला इतकी शेकडो वर्षं. आकडे मोठे होते आणि ते काढणाऱ्यांपैकी कुणीही तिथपर्यंत थांबून खात्री केलेली नव्हती. बाईंनी हे स्वतःच प्रामाणिकपणे सांगितलं. प्लॅस्टिक नाहीसं होत नाही, त्या म्हणाल्या, त्याचे फक्त बारीक बारीक तुकडे होत जातात.

“म्हणजे चक्कीच की,” कुणीतरी मागून म्हणालं. सगळे हसले.

छत्तीस वर्षांत चक्कीवाल्यांनी सभेत एकच प्रश्न विचारला, तो तेव्हा. तळ जाड असेल तर? बाई म्हणाल्या, तर जास्त. किती जास्त? निश्चित सांगता येत नाही, बाई म्हणाल्या, पण आपल्यापैकी कुणी बघायला नसेल. त्यांनी हे हसून सांगितलं होतं. चक्कीवाल्यांनी त्या रात्रीचं जेवण केलं नाही, पोट बरं नाही म्हणाले.

या वर्षी धाकटीने घर बदललं. तीन मजली इमारत, ती दुसऱ्या मजल्यावर. चक्कीवाले सुट्टीच्या दिवशी नातीला बघायला गेले. नात अकरा महिन्यांची होती आणि धाकटीने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं की बाबा, ती आता धरून उभी राहते.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर भिंतीतला पाइप गळत होता. पाइपाखाली बादली होती. हिरवी. काठापासून निळा ओघळ, मध्येच डावीकडे वळलेला. पाइपातून एक थेंब पडला. मग दुसरा. आत वीतभर पाणी साचलं होतं आणि वरच्या मजल्यावर, उघड्या दारातून, कुणीतरी लहान मूल हातांनी फरशी बडवत होतं.

त्यांनी बादली उचलून जिन्यावरच पालथी केली. पाणी पायऱ्या उतरून गेलं. दार उघडताना धाकटी म्हणाली, बाबा, बाही कशाने भिजली? पाइप गळतो, ते म्हणाले. तासभर बसले, पण नातीला मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. ती चिडून त्यांच्या आखूड बोटाला चावली.

जिना पुसणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी दुपारी भेटल्या. बादली त्यांचीच होती. चक्कीवाले म्हणाले, मला ही हवी आहे, बदल्यात कोरी आणून देतो.

बाईंनी फडकं पिळलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. “नवी देऊन जुनी मागताय. म्हणजे हिच्यात काहीतरी आहे.”

“काही नाही.”

“काही नाही तर कशाला पाहिजे?”

बाईच पुढे बोलत राहिल्या. बादली त्यांच्या सासूची, सासूला कुणा भाजीवाल्याने दिलेली. सासू गेली, नवरा गेला, बादली आहे. तुमच्या त्या कोऱ्या बादल्या दोन वर्षांत कान टाकतात. हिला हात लावून बघा, तळ बघा.

“जाड आहे,” चक्कीवाले म्हणाले. “मुद्दाम केलाय.”

हे बोलताना त्यांच्या आवाजात क्षणभर कारागिराचा अभिमान उतरला. तो त्यांना स्वतःला ऐकू आला, आणि त्यांनी बादलीवरचा हात काढून घेतला. शेवटी सौदा दोन नव्या बादल्यांवर ठरला, झाकणासकट. झाकण लावत जा, चक्कीवाल्यांनी बजावलं. बाई म्हणाल्या, पाइपाखालच्या बादलीला झाकण लावलं तर पाणी काय विचारून आत जाईल? चक्कीवाल्यांनी त्यावर जावयाला सांगून आठवड्याभरात पाइपच दुरुस्त करून घेतला. जावई म्हणाला, सासरे फार काळजी घेणारे आहेत.

आपल्याच शेडमध्ये, आपल्याच यंत्राशी, सकाळच्या पाळीत चक्कीवाल्यांनी बादलीचे करवतीने चार तुकडे केले. बाजू सहज गेल्या. तळ आत टाकल्यावर चक्की अडकली. असा आवाज तिने कधी काढला नव्हता. सुपरवायझर, वयाने त्यांच्या मुलीएवढा, धावत आला आणि म्हणाला, काका, लोखंड टाकलंत का? बादली आहे, ते म्हणाले. यंत्र बंद करून त्यांनी पाती मोकळी केली, तळाचे आणखी चार तुकडे कापले आणि पुन्हा सुरू केलं. खाली हिरवा आणि निळा चुरा पडला. रंग काल ओतल्यासारखा होता.

एवढं झाल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना पोतं दिसलं. चुरा पोत्यात जाणार, पोतं पलीकडे जाणार, काळा रंग पडणार आणि पंधरा दिवसांत एका ओळखू येणाऱ्या बादलीच्या ठिकाणी न ओळखू येणाऱ्या चार-सहा बादल्या होणार. इतकी वर्षं त्यांना निदान रस्त्यावर तिला ओळखता तरी येत होतं. आता कुठल्या घरात कुठल्या मुलासमोर ती उभी आहे, हे कळायलासुद्धा मार्ग राहणार नव्हता.

त्यांनी चुरा कापडी पिशवीत भरला आणि घरी आणून दाराच्या मागे ठेवला.

त्यानंतरचे आठ दिवस नष्टीकरणाचा एकमेव अधिकृत माणूस एक पिशवी नष्ट कशी करावी या विवंचनेत होता. नदीत टाकावी, तर मेहुण्याची थाप तीस वर्षांनी खरी होणार आणि चुरा कुठेतरी माशांच्या पोटात. जाळावी, तर ती आधी वितळणार, ठिबकणार, धूर शेजारच्यांच्या खिडकीत जाणार आणि खाली काळा गोळा शिल्लक राहणार, तोही तिचाच. पुरावी, तर पुरलेल्या प्लॅस्टिकचं काय होतं हे व्याख्यानाच्या बाईंनी तक्त्यावर दाखवलं होतं : काही होत नाही. मग एका सकाळी बायकोने केर काढताना पिशवी उचलली.

“हे काय आहे?”

चुरा आहे, असं म्हणता आलं असतं. खोटंही नव्हतं. चक्कीवाले म्हणाले, “ती बादली.”

कोणती, हे बायकोने विचारलं नाही. ती केरसुणी भिंतीला टेकवून खाली बसली. पिशवीत हात घातला आणि तुकडे मुठीत घेऊन उजेडात पाहिले.

“रंग उडाला नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“मी पाहिली होती ही. दोनदा. एकदा रंगाऱ्याकडे, एकदा बाजारात.”

चक्कीवाले म्हणाले, बोलली नाहीस. ती म्हणाली, तुम्हाला कशाला त्रास. तीस वर्षं एका घरात दोन माणसं एकच बादली रस्त्यावर बघून येत होती, हातपाय धुवत होती, आणि जेवायला बसत होती.

मग त्यांनी ते सांगितलं. साहेबांना, मेहुण्याला, कुणालाही सांगितलं नव्हतं. “तळ मी जाड केला होता. चकती काढून. पालथी पडू नये म्हणून.”

बायकोने मूठ उघडली. तुकडे पिशवीत पडल्याचा बारीक आवाज झाला.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “आणलीत त्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत. पायाने ढकलूनसुद्धा दाखवली होतीत.” आणि थोड्या वेळाने, “पाणी मी ठेवलं होतं.”

बाहेर कुणीतरी पाण्याची मोटार लावली आणि वरच्या टाकीत पाणी चढू लागलं. दोघं टाकी भरेपर्यंत ऐकत राहिली.

“तुमच्याकडे याचं काय करतात?” बायकोने विचारलं. एवढ्या वर्षांत तिने त्यांच्या कामाबद्दल कधी विचारलं नव्हतं. चक्कीवाल्यांनी सांगितलं : काळा रंग घालून परत ओततात. बादल्या, टब.

“अजून काय?”

“कुंड्या.”

“कुंडीला खाली भोकं असतात ना?”

“पाच.”

“मग कुंड्या करायला सांगा.”

ती उठली आणि राहिलेला केर काढू लागली.

कुंड्यांचा साचा पुढच्या गुरुवारी यंत्रावर चढणार होता. चक्कीवाल्यांनी तोवर पिशवी आपल्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली. गुरुवारी ती घेऊन ते पलीकडच्या शेडमध्ये गेले, जिथे तीस वर्षांत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, काका, चुरा कुठे जातो ते तुम्ही कधीपासून ठरवायला लागलात? आजच्यापुरतं, ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने पिशवी यंत्रात रिकामी केली, उलटी करून झटकली, शिवणीत अडकलेले दोन निळे तुकडे नखाने काढून आत टाकले, आणि पाळी संपेपर्यंत तिथे उभे राहिले. साच्यातून निघणारी प्रत्येक कुंडी उचलून ते उजेडासमोर धरत होते. पाचही भोकांतून खिडकी दिसली की खाली ठेवत होते. एका कुंडीचं एक भोक पातळ पापुद्र्याने बंद राहिलं होतं. ते त्यांनी खिशातल्या खिळ्याने फोडलं. सुपरवायझर म्हणाला, चार असली तरी चालतात. चक्कीवाले म्हणाले, नाही चालत.

संध्याकाळी आपल्या शेडमध्ये परत येऊन त्यांनी नेहमीचा कागद काढला. माल : बादली, दुरंगी. नग : एक. दोष : तळ जाड. शेरा : कायमस्वरूपी नष्ट करण्यात आली. खाली सही केली आणि तारीख घातली.

त्या पाळीत एकशे अठरा काळ्या कुंड्या तयार झाल्या. प्रत्येकीच्या तळाला पाच भोकं आहेत.